बिनपंचाचा खेळ

हॅम रेडिओ म्हटलं की आपल्याकडे लोकांना किल्लारीचा भूकंप आठवतो, नाहीतर अंदमानातली त्सुनामी. फोन बंद पडले की ही हौशी रेडिओवाली मंडळी निरोप पोचवतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. हीच मंडळी दरवर्षी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ४८ तास कानाला हेडफोन लावून एकमेकांना नुसते आकडे सांगत बसतात, असं म्हटलं की समोरचा विचारतो, "बरं, मग पुढे?" मी सांगलीच्या तारघरात नोकरी केली, मोर्स तिथंच हाताला बसलं आणि निवृत्तीनंतर या स्पर्धांच्या नादी लागलो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला तारेच्या बाजूनंच सुचतं.

सुरुवात निरोपापासूनच झाली. १९१४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डला हायरम पर्सी मॅक्झिम राहत होते. मशीनगनवाल्या मॅक्झिमचे हे चिरंजीव. जवळच्याच स्प्रिंगफील्डमधल्या एका हौशी माणसाकडून त्यांना ऑडिऑन नळी विकत घ्यायची होती, पण त्यांच्या यंत्राचा आवाज काही तिथवर पोचेना. वाटेतल्या विंडसर लॉक्समधल्या एकानं निरोप मधल्यामध्ये झेलून पुढे दिला. अशी झेलाझेलीची साखळी देशभर बांधायची या कल्पनेतून अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. १९२१च्या डिसेंबरात अमेरिकी हौशी केंद्रांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, अर्ड्रोसनला तंबू ठोकून बसलेल्या पॉल गॉडलींनी ऐकले. १९२३च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीसहून लेऑं देलॉय अमेरिकेशी दोन्ही बाजूंनी बोलले. समुद्र ओलांडता येतो हे कळलं. आता तो रोज ओलांडता यावा म्हणून सराव हवा होता, आणि सरावाला चुरस लागते. १९२७ साली लीगनं 'इंटरनॅशनल रिले पार्टी' भरवली. आजच्या स्पर्धांची वंशावळ तिथपर्यंत जाते.

१९३० साली लीगनं स्वीपस्टेक्स नावाची स्पर्धा सुरू केली. ती अजून चालते. तिच्यात एकमेकांना काय सांगायचं ते पाहिलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. आधी क्रमांक, मग वर्गाचं अक्षर, मग आपलं कॉलसाइन म्हणजे केंद्राचं ओळखनाव, मग 'चेक', शेवटी विभाग. हा तर तारेच्या फॉर्मचा मथळा! तारेत चेकच्या जागी शब्दसंख्या असे. घेणाऱ्यानं उतरवलेले शब्द मोजायचे. जुळले नाहीत तर गाळलेला शब्द पुन्हा मागवायचा. स्पर्धेत मजकूर कधीच गळून पडला, मथळा तेवढा उरला. चेकच्या जागी आता पहिला परवाना मिळाला त्या सालाचे शेवटचे दोन आकडे देतात.

दुसऱ्या महायुद्धात भारतातले हॅम परवाने स्थगित झाले. पुढे १९४८ साली, महूला सैन्याचं सिग्नल प्रशिक्षण जिथे चाले तिथं अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याच वर्षी 'सीक्यू' या अमेरिकी मासिकानं जागतिक स्पर्धा भरवली. आज सगळ्यांत मोठी मानतात ती हीच. ती ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. जग ४० विभागांत वाटलेलं आहे, आपण २२व्यात. दुसऱ्या खंडातलं केंद्र मिळालं तर ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचं मिळालं तर १. स्वदेशातल्या केंद्राला गुण शून्य. मात्र कंपनसंख्येच्या प्रत्येक पट्ट्यावरचे नवे देश आणि नवे विभाग मोजून त्या बेरजेनं एकूण गुणांना गुणायचं, त्यामुळे शून्य गुणांचा देशबांधवही एकदा हवाच असतो. सकाळी जपानी रांग लावतात, पण ते पडले आशियातले, एकेका गुणाचे. संध्याकाळी युरोप उघडला की तिप्पट.

प्रत्येकानं आवाजाची प्रत सांगायची असते आणि प्रत्येक जण ५९९च सांगतो. समोरचा कुजबुजल्यासारखा ऐकू येत असला तरी ५९९. तेही आखडून: मोर्सचा ९ म्हणजे चार डा आणि एक डिट, त्याऐवजी एका डा-डिटचा एन वाजवतात. तारघरात असं केलं असतं तर साहेबांनी उभं केलं असतं. पण या लटक्या आकड्याचा उपयोग होतो. तो वाजेपर्यंत पेन्सिल कॉलसाइन लिहून घेते, कान पुढे येणाऱ्या विभागाच्या दोन आकड्यांसाठी तयार राहतो.

खेळ असा की मैदानावर पंच नाही. माझ्या खोलीत मी काय ऐकलं हे कोण पाहणार? यावर तोड निघाली ती तारेच्या चेकसारखीच. माझ्या वहीतली ओळ समोरच्याच्या वहीशी जुळली पाहिजे. कागदी वह्यांच्या काळात टपालानं आलेले गठ्ठे स्वयंसेवक हातानं तपासत, अर्थातच निवडक. संगणक आल्यापासून प्रत्येक वही बाकी सगळ्या वह्यांशी ताडून पाहतात. एक अक्षर चुकलं तर तो संपर्क बाद, वर दंड. समोरच्यानं माझं नाव लिहिलंच नसेल तर शेरा पडतो, 'वहीत नाही'. नंतर वह्या जाहीर होतात, कोणीही चाळाव्यात.

पंच दिसतो तो फक्त 'डब्ल्यूआरटीसी' या चमूंच्या जागतिक स्पर्धेत. १९९० साली सिअ‍ॅटलच्या गुडविल गेम्सबरोबर ही पहिल्यांदा झाली. अमेरिकी आणि सोव्हिएत हॅम तोवर एकमेकांना ओळखायचे ते कॉलसाइननं. इथं ते समोरासमोर आले. आज तिथं प्रत्येक चमूशेजारी पंच हेडफोन लावून बसतो. अँटेना सगळ्यांच्या सारख्या. सुरुवातीच्या थोडं आधी बंद पाकिटातून नवं कॉलसाइन मिळतं, म्हणजे जुन्या दोस्तांनी ओळखून मदत करायची सोय नाही.

आमच्यासारख्यांचा प्रश्न मात्र वेगळा झालाय. आता इंटरनेटवर कुठलं केंद्र कुठल्या कंपनसंख्येवर बोलतंय याची यादी दर क्षणाला झळकत असते. ती पाहून खेळणाऱ्यांचा गट निराळा, न पाहता खेळणाऱ्यांचा निराळा. यादीत नाव झळकताच कोणी तिथं उडी मारतो का, हे आयोजक वेळा जुळवून पकडतात. पण दोन दिवसांत एकदाच डोकावणाऱ्याला कोण पकडणार? मी न पाहणाऱ्यांत नाव घालतो. स्पर्धेच्या दोन दिवसांत खोलीत फक्त सूनबाई चहा ठेवायला येतात, आणि त्यांना यातलं काही कळत नाही. तरी मोबाइल मी बाहेर ओट्यावर ठेवूनच बसतो.