वेबसाइट चालते, पण लॅपटॉपवरून डेटाबेस उघडत नाही? आधी एररचा नंबर वाचा

वेबसाइट व्यवस्थित सुरू आहे. ऑर्डर येताहेत, साठवल्याही जाताहेत. पण घरच्या लॅपटॉपवरून त्याच वेबसाइटचा डेटाबेस उघडायला गेलं की कनेक्शन होत नाही. युजरनेम तेच, पासवर्डही तोच. मग अडतं कुठे?

दुकान, क्लास किंवा एखाद्या संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. शोधाशोध केली की एक झटपट सल्ला हमखास मिळतो, 'सगळ्या आयपींना परवानगी देऊन टाका.' कनेक्शन जुळतं, पण ग्राहकांच्या माहितीचं दारही जगासाठी उघडं राहतं. खरं तर याची गरज नसते. कारण नेमकं कुठे अडलंय हे एरर स्वतःच सांगत असतो.

वेबसाइटला जमतं, लॅपटॉपला का नाही?

साध्या होस्टिंगमध्ये वेबसाइट आणि मायएसक्यूएल डेटाबेस बहुतेक वेळा एकाच सर्व्हरवर असतात. म्हणून वेबसाइटच्या कोडमध्ये पत्ता 'लोकलहोस्ट' असतो, म्हणजे 'याच मशीनवर'. तोच पत्ता लॅपटॉपवर टाकला, तर प्रोग्रॅम लॅपटॉपमध्येच डेटाबेस शोधत बसतो.

बाहेरून येताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सर्व्हरचा पत्ता बरोबर हवा, ३३०६ हा पोर्ट उघडा हवा आणि त्या युजरला तुमच्या आयपीवरून येण्याची परवानगी हवी.

कोणता नंबर काय सांगतो?

२००५: सर्व्हरचं नावच सापडलं नाही. स्पेलिंग तपासा. पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' लागलं असेल तर काढा.

२००३, कंसात ११० (विंडोजवर १००६०): वाट पाहिली, पण उत्तरच आलं नाही. बहुतेकदा फायरवॉल अडवत असते. ती होस्टिंग कंपनीची असेल किंवा तुमच्या ऑफिस, कॉलेजच्या नेटवर्कचीही. मोबाइल हॉटस्पॉट लावून पाहा. एरर बदलला, तर अडथळा तुमच्या बाजूला होता. डोमेन क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे असेल, तर डोमेनच्या नावाने कनेक्शन होत नाही. तिथे सर्व्हरचा मूळ आयपी द्यावा लागतो.

२००३, कंसात १११ (विंडोजवर १००६१): मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. मायएसक्यूएल बंद असेल, पोर्ट वेगळा असेल किंवा ते फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असेल. उबुंटूवर सुरुवातीची सेटिंग अशीच असते. स्वतःचा सर्व्हर असेल तर 'बाइंड-अ‍ॅड्रेस' तपासा.

११३०: सर्व्हरपर्यंत पोहोचलात, पण तुमच्या आयपीला प्रवेश नाही.

१०४५: लॉगिन नाकारलं. पासवर्ड चुकलाय, असं पटकन वाटतं. पण मायएसक्यूएलसाठी लोकलहोस्टवरून येणारा युजर आणि बाहेरून येणारा त्याच नावाचा युजर ही दोन वेगळी खाती असतात. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही हा एरर येऊ शकतो.

१०४४: लॉगिन झालं, पण त्या डेटाबेसवर या युजरला अधिकार नाहीत.

११३० आणि १०४५ च्या मेसेजमध्ये सर्व्हरला दिसलेला तुमचा आयपी किंवा होस्टनेम लिहिलेलं असतं. सीपॅनेलमध्ये डेटाबेसच्या रिमोट अ‍ॅक्सेसच्या पर्यायात तेच टाकायचं.

काल चालत होतं, आज का नाही?

घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बहुतेकदा कायमचा नसतो. राउटर बंद करून सुरू केला की तो बदलू शकतो आणि काल दिलेली परवानगी आज निरुपयोगी ठरते. नवा आयपी टाका आणि जुना आठवणीने काढा. तो उद्या दुसऱ्याच कोणाला मिळू शकतो.

टक्क्याच्या चिन्हाचा मोह

रोज आयपी बदलण्याचा कंटाळा आला की अनेक जण तिथे % टाकतात. त्याचा अर्थ 'कुठूनही या'. त्यानंतर डेटाबेस आणि जग यांच्यामध्ये उरतो फक्त पासवर्ड.

मे २०२२ मध्ये शॅडोसर्व्हर फाउंडेशनला इंटरनेटवरून थेट उत्तर देणारे सुमारे ३६ लाख मायएसक्यूएल सर्व्हर आढळले होते. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डशिवाय उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात. त्यामुळे 'आपल्या छोट्या साइटकडे कोण बघतंय' या भरवशावर राहता येत नाही.

मग सुरक्षित रस्ता कोणता?

होस्टिंगमध्ये एसएसएचची सोय असेल तर एसएसएच टनेल वापरा. यात लॅपटॉपवरचा एक पोर्ट, समजा ३३०७, एसएसएचमधून सर्व्हरच्या ३३०६ शी जोडला जातो. प्रोग्रॅममध्ये पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ३३०७ द्यायचा. डेटाबेसला वाटतं, युजर आतूनच आलाय. ३३०६ बाहेर उघडावा लागत नाही, आयपी बदलला तरी सहसा अडत नाही आणि माहिती एन्क्रिप्ट होऊन जाते. वर्कबेंच, डीबीव्हर यांसारख्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आधीपासूनच असते.

एसएसएच नसेल आणि काम किरकोळ असेल, तर कंट्रोल पॅनेलमधलं पीएचपीमायअ‍ॅडमिन पुरेसं आहे.

एवढं करूनही अडलं, तर होस्टिंग कंपनीला पूर्ण एरर, वेळ आणि तुमचा आयपी कळवा. 'कनेक्ट होत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तराऐवजी उलट प्रश्नच येतात. पासवर्ड मात्र तक्रारीत कधीच लिहू नका.