तीन वाजेपर्यंत

फेब्रुवारी 2017 चा पहिला आठवडा. तुम्ही भामरागडच्या तहसील कार्यालयासमोर उभे आहात. हातातल्या पिशवीत जातीचा दाखला, जात वैधतेची पावती, शौचालयाचा दाखला आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं नाही असं सांगणारं प्रतिज्ञापत्र आहे. तुम्हाला पंचायत समितीची निवडणूक लढवायची आहे. अर्ज आधी संगणकावर भरायचा, मग त्याची छापील प्रत सही करून द्यायची. भामरागडात लाइट गेली की संगणक बंद आणि लाइट आली की इंटरनेट बंद, त्यामुळे तुम्ही सकाळपासून ताटकळलेले.

गडचिरोली जिल्ह्यात या वेळी मतदान दोन टप्प्यांत आहे, 16 आणि 21 फेब्रुवारीला. सगळे तालुके एकाच दिवशी घेतले तर बंदोबस्त पुरत नाही. दक्षिणेकडचा तुमचा भाग दुसऱ्या टप्प्यात येतो.

कागदपत्रं जमली, पण खरी अडचण गावात आहे. चार दिवसांपूर्वी पायवाटेवरच्या सागाला लाल कापडी बॅनर बांधलेला दिसला. खाली पत्रकं पडलेली: निवडणुकीवर बहिष्कार टाका. गावात कोणी त्यावर बोललं नाही. संध्याकाळी थोरला भाऊ एवढंच म्हणाला, "तुले नसेल भ्या, पण लेकरं तर घरीच झोपतेत ना."

त्याच्या बोलण्यात अख्खी गोष्ट आली. लोकसभेचा उमेदवार चिमूरचा असेल, ब्रह्मपुरीचा असेल. तो हेलिकॉप्टरने येईल, भाषण करेल, उजेड असेपर्यंत निघून जाईल. तुम्ही मात्र प्रचार संपवून त्याच कुडाच्या घरात परतणार, ज्याची वाट दादालोकांना, म्हणजे माओवाद्यांना, पाठ आहे. खासदार निवडताना गावाला मत द्यावं लागतं. पंचायतीचा सदस्य निवडताना गावाला आपला माणूस द्यावा लागतो.

आणि माणूस द्यायची किंमत या भागाने पाहिलेली आहे. 2012 च्या अशाच निवडणुकीच्या तोंडावर भामरागड परिसरातल्या एका स्थानिक पुढाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी दबावाखाली कितीतरी सरपंचांनी आणि सदस्यांनी राजीनामे दिले. ग्रामपंचायतींचं तर विचारूच नका. निवडणूक जाहीर होते, एकही अर्ज येत नाही, जागा रिकामी राहते. मग पोटनिवडणूक जाहीर होते आणि पुन्हा तेच. अनुसूचित क्षेत्र असल्याने पेसा कायद्याप्रमाणे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे. कागदावर हक्क पक्का आहे, तो बजावायला पुढे येणाराच सापडत नाही.

तुमचा अर्ज भरला जातो की नाही, ते इथेच सोडू. काळाची पानं मागे उलटा.

8 ऑक्टोबर 2009. त्याच तालुक्यात, लाहेरीच्या जंगलात तुम्ही आहात. पाऊस नुकताच ओसरलाय, बांबूची बेटं इतकी दाट की दहा हातांपलीकडचं दिसत नाही. विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर, 13 तारखेला आहे. लाहेरीच्या पोलीस मदत केंद्रातून निघालेली तुकडी घेरली जाते. दिवस संपेपर्यंत 17 पोलिसांचा जीव गेलेला असतो. त्या वर्षातली ही पहिली घटना नव्हे: फेब्रुवारीत मरकेगावला 15 गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला 16.

तरीही 13 तारखेला मतदान होतं. त्या दिवसांनी प्रशासनाच्या अंगात जी सावधगिरी मुरली, ती समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. केंद्र कुठे ठेवायचं, माणसं कशी न्यायची, किती वाजता गुंडाळायचं, हे सगळं यापुढे जीव गेलेल्या जवानांकडे बघून ठरतं. त्यात चूक कोण काढणार?

आता पुन्हा 2017 मध्ये या, पण वेगळ्या अंगाने. 20 फेब्रुवारीची सकाळ. तुम्ही जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक आहात आणि उद्यासाठी मतदान अधिकारी. ड्युटीचा आदेश आल्यापासून घरी बायको कमी बोलते. साहित्य वाटपाच्या मांडवात तुम्ही यंत्राचे क्रमांक ताडून घेता, लाख, सुतळी, सीलची पट्टी, शाईचे मार्कर मोजता, मतदार यादीची प्रत चाळता. शेजारच्या पथकातले वयस्क तलाठी सांगतात, "गुरुजी, पाण्याची बाटली आपली आपण घ्या जी. बाकीचं सारं सरकार देते."

पथक थेट गावात जात नाही, आधी बेस कॅम्पला जातं. बेस कॅम्प म्हणजे पोलीस केंद्राचं काटेरी तारांनी वेढलेलं आवार. कोणी हेलिकॉप्टरने येतं, कोणी चालत. रात्री तुम्ही तिथेच सतरंजीवर झोपता. नक्षलविरोधी सी-60 पथकाचे जवान तेलुगू, माडिया आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कुजबुजतात. त्यांच्यातले बरेच याच जिल्ह्यातले, आदिवासी घरांतले. ज्या जंगलात ते उद्या तुमच्यापुढे चालणार, त्यातलीच काही त्यांची गावं.

21 तारखेला उजाडायच्या आत निघायचं. पळस फुललाय, सागाची पानं गळालेली, पायाखाली त्यांचा कुरकुर आवाज होतो आणि प्रत्येक आवाजाला तुमचा श्वास अडकतो. सूचना साध्या आहेत. पायवाटेवर चालायचं नाही, तिच्या बाजूने चालायचं. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं. पडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. रस्त्यावर झाड आडवं पडलेलं असेल तर ते ओलांडायचं नाही, बॉम्बशोधक पथकाची वाट पाहायची. मतदान यंत्राची पेटी आळीपाळीने खांद्यावर. ज्या वाटेने मुलं रोज शाळेत येतात, त्या वाटेला वळसा घालत तुम्ही शाळा गाठता.

साडेसातला मतदान सुरू. राज्यात इतरत्र ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत चालेल, इथे दुपारी तीनपर्यंत. त्या अडीच तासांत तुम्हाला यंत्र सीलबंद करून उजेडात बेस कॅम्प गाठायचाय. तुमच्या जिवाचा हिशेब या अडीच तासांत मांडलेला आहे आणि तुम्ही मनातून त्याचे आभार मानता.

तिसऱ्यांदा अंग बदला. तुम्ही आता मतदार आहात, माडिया बाई, वय साठीच्या पुढे. तुमच्या पाड्यावरचं केंद्र सुरक्षेसाठी पोलीस केंद्राजवळच्या शाळेत हलवलेलं आहे. मध्ये एक डोंगर आणि दोन नाले. सून मोठ्या लेकराला तुमच्या सोबत देते, कारण तिला तान्हं सोडून निघता येत नाही. तिचं मत इथेच गळालं. ते नोंदवायला कुठलाच रकाना नाही.

तुम्हाला जायचंय, कारण रेशनच्या तांदळासाठी ज्याच्याकडे जावं लागतं तो माणूस उभा आहे आणि हापशासाठी ज्याच्यामागे फिरायचं तोही. दिल्ली-मुंबईत कोण बसतं हे तुम्हाला ठाऊक नसेल, पण पंचायत समितीत कोण बसतो याने तुमचा पाणवठा ठरतो. उन्हं चढायच्या आत निघायला हवं होतं, पण कोंबड्या, पाणी, चूल उरकेपर्यंत नऊ वाजले. कोणी म्हणतं तीनला बंद होतं, कोणी म्हणतं साडेपाचला. घड्याळ कोणाकडेच नाही.

पोहोचता तेव्हा दोन वाजून गेलेले. व्हरांड्यात रांग, रांगेच्या दोन्ही टोकांना बंदुका. गणवेशाकडे बघून तुम्ही पदर आवरता. आत टेबलांमागे साहेबलोक. ते मराठीत विचारतात, गावातला पोरगा माडियात सांगतो. नाव यादीत सापडायला वेळ लागतो, कारण ते लिहिणाऱ्याने ऐकलं तसं उतरवलंय. मग पुढच्या टेबलावरचे गुरुजी डाव्या हाताचं बोट पुढे करायला सांगतात.

तुम्ही हात मागे घेता. पोरग्याकरवी म्हणता, "मत घ्या, पण बोटाले नका लावू जी."

गुरुजी थबकतात. त्यांना कारण ठाऊक आहे. गावी परतताना वाटेत कोणी बोट पाहिलं, तर मत दिल्याचा पुरावा तुमच्या अंगावर असेल. पण नियम असा की शाई नको तर मतही नाही. शाई आहे म्हणून एका माणसाला दोनदा मत देता येत नाही. तीच शाई आहे म्हणून इथे एकदा द्यायलाही छाती लागते. तुम्ही क्षणभर दाराबाहेर बघता आणि बोट पुढे करता. दोन बटणं दाबायची: एक जिल्हा परिषदेसाठी, एक पंचायत समितीसाठी. आवाज होतो. संपलं. तीनच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात, त्यांचं मतदान घेतलं जातं. डोंगराच्या उतारावर अजून चार-पाच जणी येताना दिसतात. त्यांना चिठ्ठी मिळत नाही.

तिन्ही अंगं एकत्र ठेवून पाहा. शिक्षकाला जे अडीच तास मिळाले, ते त्या चार-पाच जणींकडून घेतलेले आहेत. केंद्र हलवल्याने जवानाचा धोका घटला आणि तो दोन नाले होऊन म्हातारीच्या पायात गेला. यात लबाडी कोणाचीच नाही. सुरक्षितता हवेतून येत नाही, कोणीतरी ती भरते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात लांब राहणारा भरतो. निदान शिक्षक आणि जवान या दोघांच्या वाट्याला काहीतरी आलं. उमेदवाराला ना बेस कॅम्प, ना हेलिकॉप्टर. 23 तारखेला मतमोजणी होते, बंदोबस्त उठतो, आणि निवडून आलेला माणूस एकटा उरतो.

आता पुढे चला. 11 एप्रिल 2019, लोकसभेचं मतदान. एटापल्ली तालुक्यात वाघेझरीला केंद्राजवळ स्फोट होतो. गर्देवाडा, वांगेतुरी भागातल्या चार केंद्रांवर त्या दिवशी मतदान होऊ शकत नाही, ते 15 एप्रिलला घ्यावं लागतं. 1 मे ला जांभूळखेड्याला 15 पोलीस आणि त्यांचा चालक मारले जातात. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच वांगेतुरीत एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभं राहतं, पुढच्या जानेवारीत गर्देवाड्यात. 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास 72 टक्के मतदान होतं, राज्यात सर्वाधिक. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांच्या केंद्रीय नेतृत्वातला भूपती गडचिरोलीत साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवतो.

बातम्यांत 72 हा आकडा झळकतो तेव्हा मुंबई-पुण्यातल्या वाचकाला आपल्या पन्नास-पंचावन्न टक्क्यांची लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. पण या जिल्ह्यात मतदार कधीच कमी पडला नव्हता. लाहेरीनंतर पाचव्या दिवशीही लोक रांगेत होते. कमी पडला तो उभा राहणारा माणूस. म्हणून शांतता आली का, हे मतदानाच्या टक्केवारीवरून ठरवू नका. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत संपेल, त्या संध्याकाळी तहसीलच्या फलकावरची यादी वाचा. एका जागेला तीन-चार अर्ज आले असतील, त्यांच्यात भांडणं, फोडाफोडी, रुसवेफुगवे चालले असतील, कोणी कोणाचा अर्ज बाद व्हावा म्हणून हरकत घेतली असेल, तर समजा की गडचिरोली इतर महाराष्ट्रासारखी झाली. इतक्या सामान्य भांडणासाठीच तर एवढी माणसं डोंगर उतरून आली होती.