डायपर कधी सोडवायचा? शी-शूच्या सवयीबद्दल थोडी माहिती

मंडळी, घरात दीड-दोन वर्षांचे मूल असले की भारतातून येणाऱ्या फोनवर एक प्रश्न हमखास असतो, "अजून डायपरच लावता का गं?" विचारणाऱ्या आजीचे चुकत नाही. तिच्या वेळी मुले वर्षाच्या आत शी-शूला बसायची. पण इकडे तबूकच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मुलाबरोबर एकटी असणारी आई त्या प्रश्नाने धास्तावते आणि दुसऱ्याच दिवशी पॉटी आणते. मूल बसायला तयार नसते, आई चिडते, आणि पंधरा दिवसांत ती पॉटी कपाटावर जाऊन पडते. नव्या पालकांशी बोलताना हे वारंवार ऐकू येते, म्हणून ही माहिती एका ठिकाणी लिहून ठेवत आहोत.

आजीही बरोबर, डॉक्टरही बरोबर

आपल्याकडची जुनी पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल. आजी पाटावर बसते, आपल्या दोन्ही पावलांवर बाळाला उकिडवे बसवते आणि तोंडाने 'श्शू' असा आवाज करते. झोपून उठल्यावर, दूध प्यायल्यावर असे रोज केले की बाळाला त्या बसण्याची आणि आवाजाची सवय लागते. लंगोट वाचतात, धुणे कमी होते. केनियाच्या किनाऱ्यावरील डिगो समाजातही अशीच रीत आहे. तिथली बाळे पाच-सहा महिन्यांत कोरडी राहू लागतात, असे १९७७ साली 'पेडियाट्रिक्स' या अमेरिकन नियतकालिकात छापून आले होते. फरक एवढाच, की या पद्धतीत वेळ ओळखण्याचे काम मोठ्या माणसाचे असते. त्यासाठी कुणीतरी सतत बाळाजवळ असावे लागते.

डॉक्टर 'तयारी' म्हणतात तेव्हा त्यांना वेगळे काही अभिप्रेत असते: मुलाला स्वतःला कळले पाहिजे, थोडे थांबता आले पाहिजे, सांगता आले पाहिजे आणि चड्डी खाली करून बसता आले पाहिजे. डॉ. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. मुलाच्या कलाने घेतले तर दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण होते, असे त्यांना दिसले. २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसभर कोरडे राहण्याचे मधले वय मुलींमध्ये साडेबत्तीस, तर मुलग्यांमध्ये पस्तीस महिने आले. २००३ च्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आम्हाला जास्त उपयोगी वाटतो. सत्तावीस महिन्यांच्या आधी जोर लावून सुरुवात केल्याचा फारसा लाभ होत नाही, फक्त शिकवणे लांबते. थोडक्यात, दोन वर्षांचे मूल डायपरमध्ये असेल तर ते मागे पडलेले नाही.

खुणा कोणत्या?

दुपारच्या झोपेनंतर किंवा एरवीही दीड-दोन तास डायपर कोरडा मिळू लागला, की मूत्राशय लघवी धरून ठेवू लागले असे समजावे. शीची वेळ साधारण ठरते. आमच्या मते सर्वांत बोलकी खूण म्हणजे मूल शीच्या वेळी पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन गप्प उभे राहते. म्हणजे काहीतरी होणार आहे हे त्याला आधी कळते! ओला डायपर नकोसा होणे, "चप्पल उचल आणि दाराजवळ ठेव" अशी दुहेरी सूचना पाळणे, "मी करणार" हा हट्ट, या खुणाही मोलाच्या. सगळ्या एकदम दिसायला हव्यात असे नाही. पण मूल प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणण्याच्या दिवसांत असेल, तर महिनाभर थांबलेले बरे.

घाई केली तर

सर्वांत जास्त भीती बद्धकोष्ठाची असते. एकदा शी कडक झाली आणि दुखले, की मूल शी अडवून धरते. पाय आवळते, टाचा उंचावते, तोंड लाल होते. आईला वाटते मूल जोर करत आहे, पण पुष्कळदा ते शी रोखत असते. अडवलेली शी आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखते, आणि चक्र सुरू होते. कधी कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते आणि घरचे त्याला जुलाब समजतात. अशा वेळी पॉटी बाजूला ठेवावी, डायपर पुन्हा लावावा (यात कमीपणा काही नाही) आणि आधी पोट मऊ करावे. तबूकची हवा कोरडी आहे, हिवाळ्यात मुले पाणी मागतही नाहीत. दूध मात्र बाटलीमागून बाटली चालू असते. दूध आवरून पाणी, वरण, भाज्या आणि फळे वाढवावीत. दुखणे चालू राहिले किंवा रक्त दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. घरच्या घरी जुलाबाचे औषध देऊ नये.

रागावणे, मारणे, "शी शी, घाणेरडा" म्हणणे याने काम हमखास बिघडते.

इथले काही मुद्दे

डिसेंबर-जानेवारीत तबूकच्या रात्री फार गार असतात. गार फरशी, गार पॉटी आणि त्यात शत्ताफचे थंडगार पाणी, एवढ्यावर मूल पुन्हा बाथरूममध्ये शिरायला तयार होत नाही. थंडीत मगमध्ये कोमट पाणी घ्यावे. जमल्यास सुरुवातच मार्चनंतर करावी, तेव्हा कपडेही कमी असतात. जमिनीला चिकटवलेले मोकेत असेल तर पहिले काही दिवस मुलाला फरशीच्या खोलीत खेळवा.

बऱ्याच घरांत एक बैठे आणि एक कमोड असे दोन संडास असतात. बैठ्या संडासात बसण्याची ढब चांगली, पण लहान मूल घसरते आणि खड्ड्याला घाबरते. कमोडवर छोटी सीट लावली तर पायाखाली स्टूल हवेच. पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही. आमची पसंती जमिनीवरच्या साध्या पॉटीला. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा पाच मिनिटे बसवावे. मूल बसलेले असताना फ्लश ओढू नये.

बाबांची सुट्टी शुक्रवार-शनिवार असो की फक्त शुक्रवार, सुरुवात त्या दिवसांत केली तर आईला हात मिळतो. दुसरे बाळ यायचे असेल, घर बदलायचे असेल किंवा भारताचे तिकीट काढलेले असेल तर मात्र थांबा. प्रवास, नवे घर, पाहुणे आणि वेगळा संडास यांत जेमतेम लागलेली सवय मोडते. उलट सुट्टी लांब असेल आणि मूल तयार असेल, तर आजीच्या हाताखाली हे काम छान होते, हेही खरे. मदिनेच्या रस्त्याने जायचे असेल तर पॉटी, दोन जोड कपडे आणि पाण्याची बाटली गाडीत ठेवा. तिथे वाटेत लांब टप्पे मोकळ्या वाळवंटाचे आहेत.

हदाना किंवा रौदामध्ये घालणार असाल तर डायपरबद्दलचा नियम आधीच विचारून घ्या. आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. आपले मूल 'शू' म्हणते, तिथल्या बाईंना 'हमाम' कळते. घरचे शब्द त्यांना लिहून द्या आणि मुलाला त्यांचा एक शब्द शिकवा. शब्द न कळल्याने ओली झालेली चड्डी मुलाच्या माथी नको.

चार वर्षे झाली तरी दिवसाचे नियंत्रण नसेल, लघवी करताना दुखत असेल, किंवा नीट सवय लागलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले आणि तहानही फार वाढली, तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नका.

रात्रीचे गणित वेगळे असते. झोपेत कोरडे राहणे शिकवून येत नाही, ते शरीराच्या वाढीबरोबर येते. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे नेहमीचेच, मुलग्यांत थोडे जास्त. तोवर रात्री डायपर लावा किंवा गादीवर रबरी कापड घाला, आणि झोपण्यापूर्वी एकदा शूला नेऊन आणा.