ब्रोडोविच, अलेक्सी
(१८९८–१५ एप्रिल १९७१). रशियन साम्राज्यात जन्मलेले, अमेरिकेत नावारूपाला आलेले कलादिग्दर्शक. यादवी युद्धानंतर ते पॅरिसला आले आणि रशियन बॅलेसाठी पडदे रंगवू लागले. १९२४ मध्ये एका नृत्यसमारंभाच्या भित्तिपत्रक-स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९३० मध्ये ते अमेरिकेत गेले. संपादिका कार्मेल स्नो यांनी १९३४ मध्ये त्यांना 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकात आणले. तेथे ते १९५८ पर्यंत होते.

ब्रोडोविच समोरासमोरची दोन पाने एकच पट मानत. छायाचित्र ते बेधडक छाटत, पानाच्या कडेपर्यंत नेत आणि मजकुराचा स्तंभ मॉडेलच्या देहरेषेप्रमाणे वळवत. कोरा कागद ही त्यांची खरी सामग्री होती. वस्त्राचा डौल दाखवायला त्याभोवती श्वास घेण्याइतकी जागा हवी, हे त्यांनी जितके ओळखले तितके क्वचितच कोणी ओळखले असेल. उंची ब्रँडच्या जाहिरातींतली मोकळी जागा आणि जाड-बारीक रेषांची डौलदार अक्षरे यांवर त्यांचा ठसा आजही आहे. रिचर्ड ॲव्हेडन, अर्व्हिंग पेन हे छायाचित्रकार त्यांचे विद्यार्थी.

त्यांनी घडवलेले 'पोर्टफोलिओ' हे जाहिरातमुक्त नियतकालिक तीन अंकांनंतर १९५१ मध्ये बंद पडले. पानमांडणीच्या अभ्यासकांनी ते अवश्य पाहावे.