अकरा जणांच्या संघात दहा नावं

फुटबॉल म्हटलं की आपल्याला गोल चेंडू आठवतो आणि महाराष्ट्रात तरी कोल्हापूरचं शाहू मैदान आठवतं. अमेरिकेत याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. चेंडू लंबगोल असतो, तो पायापेक्षा हातातच जास्त असतो, आणि समोरच्याला धडक देऊन खाली पाडणं हा खेळाचाच भाग आहे. हा खेळ तिथे कॉलेजांमधून वाढला. न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये १८६९ साली पहिला सामना झाला असं तिथला इतिहास सांगतो. रटगर्सचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

प्रत्येक हंगामाच्या शेवटी देशभरातल्या कॉलेजांमधून सर्वोत्तम अकरा खेळाडू निवडायचे आणि त्यांचा एक संघ जाहीर करायचा, ही प्रथा १८८९ साली सुरू झाली. कॅस्पर व्हिटनी हे पत्रकार आणि वॉल्टर कॅम्प हे खेळाचे जाणकार, ही दोन नावं या प्रथेशी जोडली जातात. या संघाला 'ऑल-अमेरिका' म्हणतात. गंमत अशी की हा संघ एकत्र मैदानात उतरतच नाही. तो फक्त कागदावर असतो. तरीही त्यात नाव येणं म्हणजे आयुष्यभराची इज्जत. पहिल्या यादीतले अकराही जण हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीनच कॉलेजांचे होते. 'ऑल-अमेरिका' या शब्दातलं 'ऑल' केवढं होतं, ते यावरून कळावं.

पण याच यादीत १८९२ साली विल्यम हेन्री लुईस हे नाव आलं. आई-वडील पूर्वी गुलामगिरीत राहिलेले, मुलगा हार्वर्डमध्ये कायदा शिकत होता आणि संघात सेंटरच्या जागी खेळत होता. ऑल-अमेरिका संघात आलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढच्या वर्षी त्याची पुन्हा निवड झाली. नंतर वकील म्हणून तो केंद्र सरकारच्या असिस्टंट अॅटर्नी जनरल पदापर्यंत पोहोचला. म्हणजे यादी करणाऱ्याने डोळे उघडे ठेवले, तर दार उघडू शकत होतं.

मला आज सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतर पंचवीस वर्षांनी घडली.

पॉल रोबसनचा जन्म १८९८ चा, प्रिन्स्टन गावचा. वडील तरुणपणी गुलामगिरीतून पळून सुटलेले, पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झालेले. पॉल पाच वर्षांचा असताना आई भाजून गेली. १९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो रटगर्सला आला. त्या वेळी अख्ख्या कॉलेजात तो एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. फुटबॉल संघाच्या निवडीसाठी तो मैदानात उतरला, तेव्हा आपल्याच कॉलेजच्या गोऱ्या मुलांनी त्याच्यावर झडप घातली. नाक मोडलं, खांदा निखळला. दहा-बारा दिवस अंथरुणात काढून पोरगा परत आला. तेव्हा एकाने खिळ्यांचा बूट त्याच्या हातावर दाबला आणि बोटांची नखं उचकटली गेली. तरी तो मैदान सोडून गेला नाही आणि प्रशिक्षकांनी त्याला संघात घेतलं.

संघात घेतलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. १९१६ साली व्हर्जिनिया राज्यातलं एक कॉलेज रटगर्सशी खेळायला आलं. तुमच्या संघात हा मुलगा असेल तर आम्ही खेळणार नाही, असं त्यांनी कळवलं. रटगर्सने मान्य केलं आणि पॉलला बाहेर बसवलं. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. आपल्याच कॉलेजसाठी हाडं मोडून घेतलेल्या मुलाने तो बाहेर बसून पाहिला. आम्ही शिक्षक मंडळी 'वाद नको' म्हणून असे किती निर्णय घेतो!

पुढच्या दोन हंगामांत मात्र त्याला नाकारणं कुणालाच जमलं नाही. १९१७ साली रटगर्सने नौदलाच्या एका नावाजलेल्या संघाला १४-० असं हरवलं. त्या संघात पूर्वीचे ऑल-अमेरिका खेळाडू होते. त्या दिवशी पॉलचं नाव देशभर झालं. १९१८ च्या ऑल-अमेरिका संघात वॉल्टर कॅम्पने त्याला 'एंड'च्या जागी निवडलं. हाच मुलगा चार खेळांत कॉलेजतर्फे उतरत होता, वक्तृत्वात बक्षिसं आणत होता, आणि १९१९ च्या पदवीदान समारंभात सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करायचा मानही त्यालाच मिळाला.

नंतर तो कायदा शिकला, पण कचेरीतल्या टंकलेखिकेने कृष्णवर्णीयाकडून मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याने वकिली सोडली आणि गाण्याकडे, नाटकाकडे वळला. पुढचा रोबसन जगाला माहीत आहे. मिसिसिपी नदीवरचं त्याचं गाणं न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या भूपेन हजारिकांनी मनात साठवून आणलं, आणि त्यातून ब्रह्मपुत्रेचं, पुढे गंगेचं गाणं झालं. ते गाणं आपल्याकडे अनेकांनी ऐकलेलं असतं, फक्त त्याच्या मुळाशी फुटबॉलच्या मैदानावरचा एक ऑल-अमेरिका खेळाडू आहे हे ठाऊक नसतं.

रोबसन फक्त गात राहिला असता, तर कदाचित सगळं छान झालं असतं. पण तो बोलू लागला. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध बोलला, कामगारांच्या बाजूने बोलला, सोव्हिएत रशियाविषयी आपुलकीने बोलला. स्टालिनच्या काळातल्या अत्याचारांबाबत त्याने जाहीरपणे तोंड उघडलं नाही, हा त्याच्यावरचा आक्षेप मला आजही योग्य वाटतो. पण आक्षेप घेणं वेगळं आणि माणूसच पुसून टाकणं वेगळं. १९५० साली सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. सभागृहांची दारं बंद झाली. आणि त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलच्या नोंदींचं एक जाडजूड पुस्तक निघालं, त्यात १९१८ च्या ऑल-अमेरिका संघात दहाच नावं छापली गेली. अकरावी जागा रिकामी!

फुटबॉलचा संघ दहा जणांचा नसतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणजे चूक लपवायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. १९१८ साली तो कसा खेळला, हे १९५० च्या राजकारणाने बदलणार नव्हतं. बदलता येण्यासारखा होता तो फक्त कागद.

याच काळात आपल्या देशाने काय केलं, तेही सांगायला हवं. १९५८ च्या एप्रिलमध्ये रोबसनला साठ वर्षं झाली. ती साजरी करण्यासाठी भारतात जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला. पंतप्रधान नेहरूंनी या सोहळ्याला जाहीर पाठिंबा दिला. अमेरिकन सरकारला हे आवडलं नाही, तरी सोहळा झाला. त्याच वर्षी पासपोर्टही परत मिळाला.

कॉलेज फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पहिले खेळाडू १९५१ साली घेतले गेले. रोबसनला तिथे जागा मिळाली १९९५ मध्ये. तो १९७६ सालीच वारला होता. आणि विल्यम लुईस? त्याचा मान २००९ पर्यंत लांबला.

हे सगळं मी आज का लिहितोय? आमच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी गुणगौरवाची यादी होते. काही वर्षांपूर्वी खेळाच्या यादीचं काम माझ्याकडे होतं. कबड्डीत एक मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या वडिलांनी पालकसभेत पोषण आहारावरून आम्हा शिक्षकांना चार शब्द सुनावले होते. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "सर, या वर्षी त्याचं नाव राहू द्या." मी वाद घातला नाही. त्याच्या जागी दुसरं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

स्टेजवर नावं पुकारली जात होती तेव्हा तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. त्या वर्षीच्या फलकावरचं नाव आता बदलता येईल का, हे मी मुख्याध्यापकांना येत्या सोमवारी विचारणार आहे. त्या मुलाला आधी भेटायला हवं, हेही मला कळतं.