व्हॉल्व्ह गिटार अँप्लिफायर : स्पीकरशी संरोधजुळणी

व्हॉल्व्हच्या गिटार अँप्लिफायरला त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मानवेल इतक्याच ओहमचा स्पीकर जोडणे म्हणजे संरोधजुळणी. संरोधालाच व्यवहारात इंपीडन्स म्हणतात.

शेवटच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह चारशे-पाचशे व्होल्टवर थोडासा प्रवाह देतात. स्पीकरला हवा असतो कमी व्होल्टेजवर भरपूर प्रवाह. हा मेळ ट्रान्सफॉर्मर घालतो. स्पीकरचा संरोध गुणिले वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, एवढा भार व्हॉल्व्हना जाणवतो. फेंडर कंपनीच्या डिलक्स रिव्हर्ब अँप्लिफायरमध्ये ८ ओहमचा एकच स्पीकर असतो आणि तो ६व्ही६ व्हॉल्व्हच्या जोडीला सुमारे ६,६०० ओहम भासतो. मागच्या जादा जॅकमध्ये ८ ओहमचा दुसरा स्पीकर खोवला, की दोन्ही समांतर होऊन ४ ओहम उरतात आणि व्हॉल्व्हवरचा भार निम्म्यावर येतो.

सर्वांत मोठा धोका स्पीकर न जोडता वाजवण्याचा. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर स्पीकरविना सहसा सुखरूप राहतो आणि शॉर्ट झाल्यास जळतो; त्या सवयीने व्हॉल्व्हचे यंत्र हाताळणे महागात पडते. येथे भार नाहीसा झाला, की ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात व्होल्टेज अनेक पटींनी उसळते, सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते किंवा वेटोळ्याचे इन्सुलेशन फुटते. म्हणूनच फेंडरच्या अनेक अँप्लिफायरमध्ये मुख्य जॅक रिकामा राहिला तर आउटपुट आपोआप शॉर्ट होते. शॉर्टनेही व्हॉल्व्ह तापतात, पण ट्रान्सफॉर्मरला त्यातून वाचण्याची संधी मिळते. ही साधी युक्ती सर्वच उत्पादकांनी उचलायला हवी होती.

संरोध कमी पडला तर प्लेटमधला प्रवाह वाढतो आणि व्हॉल्व्ह लवकर झिजतात. संरोध जास्त झाला तर व्होल्टेजची उसळी व व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन ग्रिडवरचा ताण वाढतो. निम्म्या-दुपटीचा फरक फेंडरचे दणकट ट्रान्सफॉर्मर बहुधा सोसतात. मार्शलच्या बाबतीत मात्र ही सूट घेऊ नये. मार्शलचा पहिला अँप्लिफायर, जेटीएम ४५, फेंडर बासमनच्या आराखड्यावरून लंडनमध्ये १९६२ साली तयार झाला, पण दोन्हींकडची स्पीकरजोडणी वेगळी आहे. बासमनचे चार ८-ओहमी स्पीकर समांतर जोडून २ ओहम होतात; मार्शलच्या चार स्पीकरांच्या नेहमीच्या पेटीत १६ ओहमचे चार स्पीकर एकसर-समांतर जोडून पुन्हा १६ ओहमच राखलेले असतात. अशा दोन पेट्या एकाच अँप्लिफायरला लावल्या, की एकूण ८ ओहम होतात. तेव्हा अँप्लिफायरमागचा ओहम निवडण्याचा स्विच ८ वर आणावा लागतो, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. स्विच फिरवण्याआधी अँप्लिफायर बंद करावा.

स्पीकरवर लिहिलेला आकडा नाममात्र असतो. खालच्या अनुनादाजवळ आणि वरच्या स्वरांत खरा संरोध त्याच्या कितीतरी पट चढतो. मल्टिमीटर मोजतो तो फक्त वेटोळ्याचा रोध : ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ ओहमचा १२ ते १३. हे मोजमाप वायरीसकट करावे, म्हणजे पेटीकडे जाणारी वायर अँप्लिफायरमधून काढून तिच्या प्लगच्या टोकावर एक आणि दांड्यावर दुसरी पिन टेकवावी. वायर स्पीकरचीच, जाड दोन तारांची हवी. गिटारची शील्ड असलेली बारीक वायर मोठ्या आवाजात तापते आणि तुटू शकते. मीटरने काहीच दाखवले नाही तर पेटीतली जोडणी किंवा वायर तुटलेली असते. ती सापडेपर्यंत अँप्लिफायर चालू करू नये.