पदवीविना अध्यापिका

अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसणारी मुलेमुली आज आमच्या धर्मग्रामांत अनेक घरी आढळतात. मागणीची लवचिकता, उपभोक्त्याचे संतोषाधिक्य या संज्ञा पाठ करताना आल्फ्रेड मार्शल हे नाव त्यांच्या वाचनात येतेच. मार्शलच्या पत्नीचे नाव मात्र त्या पुस्तकांत सहसा नसते. परंतु पदवीसाठी स्वतंत्रपणे अभ्यासावयाचा विषय म्हणून अर्थशास्त्र केंब्रिजमध्ये कसे उभे राहिले, हा इतिहास त्या बाईंना वगळून सांगता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

मेरी पेली हिचा जन्म १८५० सालचा. घड्याळ पाहून घड्याळजीचे अस्तित्व मानावे लागते, तद्वत सृष्टीवरून स्रष्ट्याचे, असा युक्तिवाद करणारे विल्यम पेली हे तिचे पणजोबा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्यांना ते नाव परिचित आहे. वडील अँग्लिकन धर्मोपदेशक, स्वभावाने अति कडक. मुली बाहुल्यांची मूर्तिपूजा करू लागल्या या समजुतीने त्यांनी त्या बाहुल्या जाळून टाकल्या होत्या! पण याच पित्याने १८७१ मध्ये लेकीला केंब्रिजला पाठविले. पुढे न्यूनहॅम कॉलेज या नावाने प्रसिद्धी पावलेल्या वसतिगृहातील पहिल्या पाच मुलींपैकी ती एक.

त्या काळी अर्थशास्त्राला केंब्रिजमध्ये स्वतःचे घर नव्हते. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, मानसशास्त्र यांच्याबरोबर ते 'नैतिक शास्त्रां'च्या ऑनर्स परीक्षेत एका कोपऱ्यात बसे. १८७४ मध्ये मेरी त्या परीक्षेला बसली, तीही अनौपचारिकपणे. चार परीक्षकांपैकी दोघांनी तिला प्रथम वर्ग दिला, दोघांनी द्वितीय. अर्थात कोणताच वर्ग मिळणार नव्हता. स्त्रीला पदवी देण्याची सोयच विद्यापीठात नव्हती.

१८७७ मध्ये तिने आपले अध्यापक मार्शल यांच्याशी विवाह केला. कॉलेजच्या फेलोने अविवाहित राहावे, असा मध्ययुगीन मठांची आठवण करून देणारा नियम तेव्हा जिवंत होता. त्यामुळे मार्शलना फेलोशिप सोडावी लागली. (व्रत न घेता केवळ नियमापोटी पाळावे लागणारे ब्रह्मचर्य हा प्रकार आम्हांला तरी विचित्रच वाटतो.) दांपत्य ब्रिस्टलला गेले. तेथे मेरीबाईही शिकवू लागल्या आणि त्यांचे मानधन पतीच्या पगारातून कापून घेण्यात येऊ लागले! १८७९ मध्ये दोघांच्या नावाने उद्योगधंद्यांच्या अर्थशास्त्रावर एक सुबोध पुस्तक निघाले. ते मूळ मेरीबाईंनी पत्करलेले काम. पुस्तक चांगले खपत असतानाही पुढे मार्शलनी ते बंद होऊ दिले व १८९२ मध्ये आपल्या एकट्याच्या नावाचे दुसरे पुस्तक त्याच्या जागी आणले.

१८८३ मध्ये मार्शल ऑक्सफर्डला, हिंदुस्थानात अधिकारी म्हणून जाणाऱ्या तरुणांना शिकवीत होते. १८८५ मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक म्हणून परतले. तरुणपणी दुकानाच्या काचेआड दिसलेले, एका खंगलेल्या, दैन्यग्रस्त माणसाचे छोटे तैलचित्र त्यांनी थोड्या शिलिंगांत विकत घेतले होते; खोलीतल्या भिंतीवर ते लावून त्याला ते आपला आश्रयदाता संत म्हणत. ख्रिस्ती श्रद्धा मावळल्यावरही त्यांना संत लागला, आणि तो दरिद्री निघाला, याचे आम्हांला कौतुक वाटते. हुशार विद्यार्थ्यांची बुद्धी दारिद्र्याच्या प्रश्नाकडे वळावी, याच तळमळीने त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९०३ मध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र ऑनर्स परीक्षा मंजूर करून घेतली.

मात्र याच मार्शलनी १८९६-९७ च्या वादात स्त्रियांना पदवी देण्यास विरोध केला. त्यांची पत्नी त्या वेळी न्यूनहॅममध्ये मुलींना अर्थशास्त्र शिकवीत होती! घरात उभा असलेला पुरावा त्यांना दिसला नाही, की पाहावयाचा नव्हता? आम्हांला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

त्या परीक्षेच्या छायेत पुढे पुष्कळ माणसे घडली. जोन रॉबिन्सन १९०३ सालीच जन्मल्या आणि १९२५ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांचे पती ग्वाल्हेरच्या बाल महाराजांचे, जिवाजीराव शिंद्यांचे शिक्षक असल्याने त्यांचा थोडा काळ तेथे गेला. प्रोफेसरपद त्यांना १९६५ मध्ये मिळाले, साठी उलटल्यावर. अमर्त्य सेन व मनमोहन सिंग ही त्यांच्या हाताखालून गेलेली आपली माणसे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून उभारणारे धनंजयराव गाडगीळही केंब्रिजमध्येच शिकलेले.

१९२४ मध्ये मार्शल वारले. त्यांची पुस्तके विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथालयात आली आणि त्यांच्या मागोमाग मेरीबाईही आल्या, विनावेतन ग्रंथपाल म्हणून. ऐंशी वर्षांच्या झाल्या तरी त्या सायकलवरून तेथे येत, पुस्तकांची सूची करीत, नवख्या विद्यार्थ्याला हवा तो ग्रंथ काढून देत. १९४४ मध्ये त्या निवर्तल्या. स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास केंब्रिजने १९४८ मध्ये प्रारंभ केला.